नऊ दिवसांचं दूध

माझी लेक सहा दिवस जगली. मी मात्र नवव्या दिवसापर्यंत तिच्यासाठी दूध काढून पाठवत होते. मधले तीन दिवस माझ्याशी सगळे खोटं बोलत होते, आणि त्यात सगळ्यांत पुढे माझा नवरा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी आशा लावून बसायला नको. मी तशी बसले होते.

गोष्ट नव्वद सालानंतरची, मोबाइल यायच्या आधीची. माझं सासर येवल्याचं, पण हे सातपूरला एका कंपनीत कामाला, म्हणून आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड सातपूरलाच होतं. माहेर मखमलाबादच्या पुढे. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फुलांचा मळा. झेंडू, गुलाब, आणि उन्हाळ्यात मोगरा. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या महिन्यात मी तिकडे जाऊन राहिले.

बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाळ यायच्या आधी त्याची तयारी करून ठेवायची नाही, ही दुसरी. पहिली मी पाळली. दादांचं जुनं धोतर, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, ते फाडून मी बारा टोपडी शिवली. हनुवटीखाली बांधायला नाड्या लावल्या. आई ओरडली, "अगं, आधी काय शिवतीस? लय हौस बरी नाय." मी म्हटलं, "नवं कुठंय आई, जुनंच तर आहे!" तोंडाळ मी पहिल्यापासूनच. त्या बोलण्याचा पुढे मला फार त्रास झाला, पण तेव्हा मी हसत होते.

आठवा लागला आणि पाय सुजले. आई म्हणाली, सुजतातच. मग एका दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि झटके आले. दादांनी मला फुलांच्या टेम्पोत घालून पंचवटीतल्या प्रसूतिगृहात नेलं. तिथे पोट कापून बाळ काढलं, असं मला मागाहून सांगितलं. मला अर्धवट शुद्ध आली तेव्हा दाराशी गडबड चालली होती. बाळ फार लहान, श्वास नीट घेईना, आणि काचेची पेटी इथे नाही, ती पुलापलीकडच्या मुलांच्या दवाखान्यात. बाळाला कापसात गुंडाळून तिकडे नेत होते. कापसातून एक पाय बाहेर आला होता. एवढासा, टाच लालभडक. "मुलगी झाली," कुणीतरी म्हणालं.

मी माझ्या लेकीचा तेवढा एक पाय पाहिलाय. उजवा की डावा, तेसुद्धा सांगता येणार नाही.

माझं बीपी काही केल्या उतरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाटेवरून हलायचं नाही, रडायचं नाही, हिला कसलंही टेन्शन देऊ नका. टेन्शन देऊ नका म्हणे! लेक पुलापलीकडे आणि मी इकडे छताचा पंखा बघतेय. आई उशाशी बसून होती. दुसऱ्या दिवशी हे निरोप घेऊन आले, की तिकडच्या सिस्टरनी दूध मागवलंय. ती सिस्टर केरळकडची, वयाने मोठी. आईने तोंड वाकडं केलं. "पहिला चीक असतो, तो जड. आमच्यात पिळून फेकून देत्यात." माझा नवरा सासूपुढे मान वर करून बोलणारा नव्हे. पण त्या दिवशी बोलला. "आई, थेंबसुद्धा सांडायचा नाही, असं सिस्टरनी बजावलंय."

मग ते सुरू झालं. हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेली झाकणाची छोटी स्टीलची डबी आई उकळून आणायची. मी टाके सांभाळत, एका कुशीवर होऊन, हाताने दूध काढायची. पहिल्या दिवशी डबीचा तळसुद्धा भिजेना. मी रडले, आईने दटावलं, पुन्हा काढलं. हे डबीला नीट झाकण लावायचे, थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात ती ठेवायचे आणि लुनावरून होळकर पूल ओलांडून न्यायचे. एप्रिलचं ऊन. बर्फ कोपऱ्यावरचा रसवंतीवाला द्यायचा. दिवसातून पाच खेपा.

एरवी माझा नवरा म्हणजे घुम्या. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर घाम फुटला होता. पण त्या दिवसांत त्यांना कंठ फुटला. खाटेच्या कडेला बसायचे आणि सांगत सुटायचे. आज नळीतून दोन चमचे घेतलं. मग जांभई दिली, एवढीशी. डाव्या कानावर लव आहे, थेट तुझ्या दादांसारखी. माझी करंगळी धरली ती सोडेचना, सिस्टर म्हणाल्या सोडवा आता, मी म्हटलं राहू दे हो, मी कुठे जातोय, सुट्टीच टाकलीये.

"कान दादांचे, आणि नाक कुणाचं?" मी विचारायची.

"नाकाचं अजून ठरलेलं नाही," हे म्हणायचे.

तेवढ्यावर मी पुढच्या खेपेपर्यंत तग धरायची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण आम्ही नवरा-बायको एकमेकांशी खरं बोलायला लागलो ते त्या पाच-सहा दिवसांत.

तिसऱ्या दिवशी दूध कमी पडलं. घरून मागवलेली माझी टोपडी हे तिकडे देऊन आले होते; त्यातलं एक सिस्टरनी ह्यांच्यासोबत पाठवलं, न धुतलेलं, लेकीच्या डोक्यावरून काढलेलं. म्हणाल्या, आईला हुंगायला दे, दूध येईल. मी ते नाकाला लावलं. दूध, तेल आणि डेटॉल, असा तिन्हीचा मिळून वास होता. आणि खरंच, अगं बाई, डबी भरून वर सांडायची वेळ आली. मग रोजचं झालं ते. हे येताना एक टोपडं आणायचे, जाताना आईने आदल्या दिवशीचं धुऊन वाळवलेलं न्यायचे. जी माझ्याजवळ होती, ती सगळी अशी धुतली गेली. एखादं तरी न धुता ठेवावं, असं तेव्हा कुणाच्या मनात यावं?

पाचव्या दिवशी सासूबाई येवल्याहून आल्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर पाचवी पुजायची म्हणाल्या. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, त्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. बाळ तर इथे नाही. मग माझ्या खाटेखाली पाट मांडला, पाटावर लेकीचं टोपडं ठेवलं, पुढे कागद आणि पेन. नर्सबाई ओरडल्या तेव्हा उदबत्ती विझवली. मी हात जोडले, मनापासून जोडले. आज ते आठवलं की संताप येतो. कागद अलीकडे, पोर पलीकडे. अहो, देवीलासुद्धा पत्ता नीट सांगावा लागतो.

सहाव्या दिवशी दुपारची खेप घेऊन गेलेले हे फार उशिरा आले. हातात थर्मास होता. टोपडं नव्हतं.

"कशी आहे?"

"छान आहे."

एवढंच. मी म्हटलं, टोपडं? तर म्हणाले, राहिलं. माझ्या मागे आई उभी होती. ती ह्यांच्याकडे बघत होती आणि हे तिच्याकडे, पण मी आपली डबी शोधत होते. ह्यांचं असं आहे, खरं सांगायचं असलं की कानावरच्या लवेपासून सगळं सांगतील. खोटं बोलायचं असलं की दोन शब्दांत संपवतील. हे मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं. मी डबी भरून त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती घेतली.

नंतर मला सगळं कळलं, ते असं. दुपारी हे डबी घेऊन पोचले तेव्हा लेकीचा श्वास तुटत चालला होता, आणि तासाभरात ती गेली. हे डबी धरून तसेच उभे. सिस्टरनी तिला स्वच्छ करून टोपडं घालून ठेवलं होतं. तिथेच शेजारच्या पेटीत पेठ तालुक्याकडच्या एका बाईचा मुलगा होता, आणि त्या बाईला तापामुळे दूध आलं नव्हतं. सिस्टरनी विचारलं, हे त्याला देऊ? ह्यांनी मान हलवली. मग दादांना बोलावून दोघांनी लेकीला नदीकाठी मातीत ठेवलं. तिथून ह्यांना मला सांगायलाच यायचं होतं. पण आईने प्रसूतिगृहाच्या जिन्यातच अडवलं. "ओल्या बाळंतिणीला असं सांगायचं नसतं. झटके येऊन गेलेत तिला. एकीला पोचवून आला, आता दुसरीला पोचवायचं हाय का?" सासूबाईंनी तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. टाके निघेपर्यंत, तीन दिवस, कुणीही काही बोलायचं नाही असं ठरलं. चारचौघांनी मिळून ठरवलं, माझ्या लेकीविषयी, मला सोडून.

सातव्या दिवशी हे पुन्हा रिकाम्या हाताने आले. मी चिडले. "तुमचं लक्ष असतं कुठे? पोरीचं एक टोपडं आणवत नाही?" आणि मी इतकी रडले, की सकाळचं दूध आलंच नाही. डबी कोरडी. ह्यांनी कोरड्या डबीकडे पाहिलं आणि तसेच निघून गेले. दुपारी आले ते टोपडं घेऊन. दादांच्या धोतराचं, माझ्या हातच्या टाक्याचं. मी नाकाला लावलं. तोच वास, दूध, तेल, डेटॉल. माझा पदर भिजला.

"हाच माझ्या लेकीचा वास," मी म्हटलं. आई उठून व्हरांड्यात गेली.

ते टोपडं त्या मुलाच्या डोक्यावरचं होतं. आईला सगळं कळतं म्हणतात. आईचं काळीज, आईची माया, काय काय म्हणतात. मला काही कळलं नाही. मी दुसरीच्या पोराचं टोपडं छातीशी धरून झोपले, आणि त्या दिवसांतली सगळ्यांत शांत झोप मला त्या दुपारी लागली.

नवव्या दिवशी टाके काढले. मी लुगडं नेसले, केस विंचरून घेतले, काजळाची डबी मागितली. लेकीला तीट लावायची होती. बाहेर रिक्षा उभी होती. मला आधी माहेरी नेऊन, दादांसमोर सांगायचं, असा बेत होता. मी रिक्षावाल्याला मुलांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला.

आई म्हणाली, "आधी घरी चल. आज अमावास्या हाय, आज नको."

"अमावास्या असो नाहीतर ग्रहण, मी माझी पोर बघितल्याशिवाय घरी येणार नाही. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर उतरा."

रिक्षा निघाली. पुलावर गर्दीत अडकली. पुढे बैलगाडी होती, मागून एसटी हॉर्न वाजवत होती. आणि हे बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत. श्वास सकाळपासूनच उथळ होता. सिस्टरनी छाती चोळली. हात शेवटपर्यंत माझ्या करंगळीवर होता, पण पकड नव्हती. कान थंड झाले आधी. नाक तुझं होतं. मातीत ठेवताना दादांनी खिशातली फुलं घातली. सगळं सांगितलं, काही सोडलं नाही. ते इतकं बारीक सांगत होते, म्हणूनच मला कळलं की हे खरं आहे.

आई रडत होती. मी रडले नाही. मी म्हटलं, "रिक्षा वळवायची नाही."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर ती पेठकडची बाई बसली होती. माझ्याहून लहान असेल, हातावर गोंदण. मांडीवर पोर. आता पेटीतून बाहेर आलेलं. डोक्यावर माझं टोपडं. ह्यांना बघून ती उभी राहिली, मग मला बघितलं, आणि तिला समजलं मी कोण ते. ती तिच्या बोलीत म्हणाली, "बाय, तुझे दुधावर जगला आहा."

माणूस अशा वेळी काय बोलेल? चांगलं बोलणारी बायकामाणसं असतील. मी म्हटलं, "टोपडं काढ."

तिने काढलं. नाडीची गाठ तिला लवकर सुटेना. पोराचं डोकं उघडं पडलं तसं ते रडायला लागलं, मांजरीच्या पिलाएवढा आवाज. आणि माझं दूध वाहायला लागलं. माझी लेक मातीत, आणि हे मेलं दूध दुसऱ्याच्या रडण्यावर वाहतंय. मला माझ्याच अंगाचा इतका राग आला, की वाटलं ओरबाडून काढावं. सिस्टर बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, एक वेळ घे त्याला. फक्त एक वेळ."

मी टोपडं मुठीत धरलं आणि रिक्षात येऊन बसले.

माहेरी आल्यावर दूध आटवायचं होतं. आमच्याकडे त्याला मोगरा बांधतात. उमललेली फुलं छातीवर पसरायची आणि वरून जुनं लुगडं घट्ट आवळायचं, सकाळ-संध्याकाळ फुलं बदलायची. मोगरा घरचाच. दादांनी तीन दिवस मोगऱ्याची पाटी बाजारात नेली नाही. तोडायचे आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचे, आत यायचे नाहीत. बाहेरून विचारायचे, "पुरली का गं फुलं?" आयुष्यभर फुलं विकलेला माणूस. मी आतून "हो दादा" म्हणायची. ते तरीही तिथेच थांबायचे.

तिसऱ्या दिवशी दूध आटलं. चौथ्या दिवशी मला ते उघडं डोकं आठवायला लागलं. उठता-बसता तेच. ह्यांच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, शेवटी ते मोडून म्हटलं, "जाऊन बघून या, त्याला दूध मिळतंय का." हे गेले. परत आले. ती बाई पोराला घेऊन तिच्या गावी निघून गेली होती. किती दिवस झाले, ते कुणी धड सांगेना. सिस्टरनी डब्याची पावडर बांधून दिली होती म्हणे. ते पोर जगलं की नाही, मला माहीत नाही. कुणाला दोष देऊ? खोटं इतरांनी सांगितलं, पण त्याचा घोट मी तोडला. त्याची आई माझ्याहून लहान होती आणि तिने माझ्यापुढे मान खाली घातली होती.

त्यानंतर सहा महिने मी नवऱ्याशी कामापुरतं बोलले. मीठ वाढू का, पाणी आलंय, एवढंच. एकदा म्हटलं, जागा दाखवा. तोवर गोदेला पूर येऊन गेला होता. हे मला नदीकाठी घेऊन गेले, इकडे फिरले, तिकडे फिरले, एका दगडापाशी थांबले, मग दुसऱ्या. "इथे दगड ठेवला होता," म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. घरी येताना दोघं बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

पुढे संसार झाला, होतोच. दोन वर्षांनी मुलगा झाला, नऊ महिने भरून, सात पौंडांचा. त्याला कुणी टोपडी शिवली नाहीत, मी शिवू दिली नाहीत. दादा गेले, मळ्यात मोगरा कमी आणि द्राक्षं जास्त झाली. मोगऱ्याचा गजरा मी कधी माळला नाही, आणि ह्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही.

मग मुलगा शाळेत असताना आम्ही सिडकोत स्वतःचं घर घेतलं. सामान बांधताना लोखंडी पेटीच्या तळाशी, माझ्या शालूखाली, ते टोपडं निघालं. पिवळं पडलेलं. बाकीची अकरा गेली होती, एक लेकीसोबत आणि उरलेली तिकडे दवाखान्यात. त्यांतली कुठली तिने घातली, कुठली नुसतीच धुऊन गेली-आली, देव जाणे. हे एक मी त्या पोराच्या डोक्यावरून काढून आणलं होतं, एवढं नक्की. पण त्याच्या आधी?

हे दोरीने गाद्या बांधत होते. मी टोपडं त्यांच्यापुढे धरलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"हे तिने घातलं होतं का हो कधी?"

ह्यांनी दोरी खाली ठेवली. टोपडं हातात घेतलं, नाड्या सरळ केल्या.

"घातलं होतं," म्हणाले.

मी वाट बघितली. कितव्या दिवशी घातलं, नाडी सैल होत होती का, कानावरची लव झाकली जात होती का, काहीतरी पुढे येईल म्हणून. काही आलं नाही. ते खाली बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता, उखाण्याच्या वेळी आला होता तसा.

खोटं होतं. ह्या वेळी मला लगेच कळलं.

मी त्यांच्या हातातून टोपडं घेतलं आणि नाकाला लावलं. पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

"तरीच," मी म्हटलं. "अजून तिचाच वास येतोय."